बीटा ऱ्हासातला ‘पाऊण’ येतो कुठून? केंद्रकातले मेसॉन आणि क्षीण आंतरक्रिया

खडूधारी

एम.एस्सी.च्या वर्गाला अणुकेंद्रकाचे भौतिकशास्त्र शिकवताना दरवर्षी एका ठिकाणी मी थोडा घाईने पुढे सरकतो. मुक्त न्यूट्रॉनच्या ऱ्हासावरून अक्षीय युग्मनांक (कणाच्या परिवलनावर, म्हणजे स्पिनवर, बीटा ऱ्हास घडवणाऱ्या क्षीण आंतरक्रियेची पकड किती हे सांगणारा आकडा) सुमारे १.२७ येतो, हे फळ्यावर लिहून झालेले असते. पुढे कवच प्रारूप (केंद्रकातले कण ठरावीक कक्षांच्या थरांत मांडणारे चित्र) घेऊन केंद्रकांच्या बीटा ऱ्हासाचे दर काढू लागलो की तोच आकडा मुकाट्याने पाऊणपट करावा लागतो, कारण तसे केले नाही तर गॅमो-टेलर प्रकारच्या, म्हणजे कणाचे परिवलन उलटू शकते अशा, संक्रमणांचे गणिती दर प्रयोगापेक्षा सरसकट जास्त येतात. ऑक्सिजन ते कॅल्शियम या पट्ट्यातल्या केंद्रकांसाठी हा गुणक सुमारे ०.७७ आणि त्यापुढच्या, लोखंडाच्या आसपासच्या केंद्रकांसाठी सुमारे ०.७४ निघतो. यंदा मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, केंद्रकात शिरल्यावर निसर्गाचा स्थिरांक बदलतो का?’’ तास संपत आला होता म्हणून मी सुटलो, पण प्रश्न सुटला नाही. म्हणून हा धागा.

माझे म्हणणे असे आहे की स्थिरांक आहे तसाच राहतो आणि पाऊण हा आकडा आपल्या हिशेबात लिहायच्या राहून गेलेल्या गोष्टींची उधारी दाखवतो. त्या उधारीतला एक मोठा भाग मेसॉनांच्या, म्हणजे केंद्रकीय बल वाहून नेणाऱ्या कणांच्या, नावावर आहे.

नेहमीच्या गणितात आपण असे धरतो की क्षीण आंतरक्रिया एका वेळी एकाच कणाला हात लावते. केंद्रकातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, बाकीचे सगळे शेजारी बघत बसतात, आणि अशा सुट्या घटनांची बेरीज म्हणजे केंद्रकाचा ऱ्हास. पण हे शेजारी एकमेकांना धरून आहेत ते पायॉनांच्या, म्हणजे सर्वांत हलक्या मेसॉनांच्या, देवाणघेवाणीने. युकावा यांनी १९३५ मध्ये मांडलेली कल्पना हीच होती, आणि त्यांच्या त्या पहिल्या लेखातच मेसॉनाचा संबंध बीटा ऱ्हासाशीही जोडलेला होता, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. पायॉनाचे वस्तुमान सुमारे १४० एमईव्ही, त्यावरून त्याच्या बलाचा पल्ला सुमारे १.४ फर्मी येतो, आणि केंद्रकात दोन शेजाऱ्यांमधले सरासरी अंतर साधारण २ फर्मी असते. म्हणजे बीटा ऱ्हास ज्या क्षणी घडतो त्या क्षणी मधल्या जागेत कोणीच नाही, असे म्हणता येत नाही.

विद्युतभाराच्या बाबतीत हा मुद्दा फार स्वच्छ दिसतो. प्रोटॉनाने धन पायॉन सोडला आणि शेजारच्या न्यूट्रॉनाने तो घेतला, तर दोघांनी आपापल्या जागा न सोडता भार मात्र इकडून तिकडे गेला. भार अक्षय्य असेल, तर तो गेला त्या वाटेवर प्रवाह वाहिलाच पाहिजे. हा प्रवाह दोघांपैकी कोणा एकाच्या नावावर टाकता येत नाही. तो जोडीचा असतो. म्हणून भाराची अदलाबदल करणारे बल एकदा मान्य केले की द्विकण प्रवाह पदरात पडतोच, तो घ्यावा की न घ्यावा हे ठरवायची मुभा राहत नाही.

याचा पुरावा एका साध्या अभिक्रियेत मिळतो. मंदगती न्यूट्रॉन प्रोटॉनाला चिकटून ड्यूटेरॉन होतो आणि एक गॅमा किरण बाहेर पडतो. सेकंदाला २२०० मीटर वेगाच्या न्यूट्रॉनांसाठी या अभिक्रियेचा मोजलेला काटछेद (ती घडण्याच्या शक्यतेचे माप) ३३४ मिलिबार्न आहे, तर ‘एका वेळी एक कण’ या गणिताने तो ३०२ च्या आसपास येतो. दोन कणांची साधी व्यवस्था, दोघांमधले बल उत्तम माहीत, आणि तरी दहा टक्क्यांची तूट, हे कोडे बरीच वर्षे तसेच राहिले होते. रिस्का आणि ब्राउन यांनी १९७२ मध्ये पायॉनांचा प्रवाह हिशेबात धरला आणि ती तूट भरून निघाली.

क्षीण आंतरक्रियेत दोन प्रवाह असतात. सदिश प्रवाह विद्युतप्रवाहाचा सख्खा भाऊ आहे, त्यामुळे वरचा युक्तिवाद त्याला जसाच्या तसा लागू पडतो. अक्षीय प्रवाह, म्हणजे कणाच्या परिवलनाशी जोडलेला, काटेकोरपणे अक्षय्य नाही. त्याची अक्षय्यता पायॉनाचे वस्तुमान शून्य नसण्याइतकीच बिघडलेली आहे. म्हणजे पायॉनाचे आणि त्याचे नाते आणखी जवळचे, पण द्विकण भाग नेमका किती, हे केवळ अक्षय्यतेच्या नियमावरून ठरत नाही. खरी अडचण इथे सुरू होते, आणि जाणकारांनी याच जागी भर घालावी अशी विनंती आहे.

प्रतिसाद – मुळशीकर

लेख वाचनीय आहे, पण मी यंत्र अभियंता असल्यामुळे मला यात एक ओळखीचा वास येतो. आमच्याकडेही गणित आणि चाचणी जुळत नसली की एक गुणक घालतात आणि वीस वर्षांनी त्या गुणकाला भारदस्त नाव मिळते. आधी तुम्ही ०.७५ ने गुणत होतात. आता तुम्ही मेसॉनांचा प्रवाह म्हणाल, त्यात एक अज्ञात स्थिरांक ठेवाल आणि तो प्रयोगाशी जुळवून घ्याल. आकडा जुळवण्याची जागा तेवढी बदलली. यात नवे ज्ञान कोणते, हे कृपया समजावून सांगावे. प्रश्न खवचट वाटला तरी मनापासूनचा आहे.

प्रतिसाद – खडूधारी

मुळशीकर, प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका केंद्रकावर पूर्ण हिशेब करूनच देता येईल. ट्रिटियम घेऊ. एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन, अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे, ऱ्हासानंतर हेलियम-३. तीनच कण असल्यामुळे त्यांचे तरंगफलन आज संगणकावर जवळजवळ अचूक काढता येते, त्यामुळे ‘तुमचे प्रारूपच ओबडधोबड होते’ ही पळवाट इथे बंद आहे.

तिन्ही कण सर्वांत साध्या, गोलाकार अवस्थेत असते तर गॅमो-टेलर आव्यूह घटक (संक्रमणाचे बळ सांगणारा आकडा) बरोबर ३ च्या वर्गमुळाइतका आला असता. या आकड्याला आपण १ धरू. प्रत्यक्षात केंद्रकीय बलात दिशेवर अवलंबून असणारा भाग आहे, आणि पायॉनामुळेच आहे. तो तरंगफलनात सुमारे ९.३ टक्के ‘डी’ अवस्था, म्हणजे गोलाकार नसलेली, मिसळतो. याशिवाय सुमारे १ टक्का मिश्र सममितीची ‘एस’ अवस्था असते आणि उरलेले सुमारे ८९.६ टक्के साध्या अवस्थेचे. साध्या अवस्थेचा वाटा पूर्ण मिळतो, ‘डी’ अवस्थेचा एक तृतीयांश मिळतो आणि मिश्र अवस्थेचा एक तृतीयांश वजा होतो. बेरीज केली तर ०.८९६ अधिक ०.०३१ उणे ०.००३५, म्हणजे सुमारे ०.९२. प्रयोगातून निघणारा आकडा ०.९५ आहे. तूट साधारण तीन टक्क्यांची आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. कवच प्रारूपात गणिताचा आकडा जास्त येतो म्हणून आपण पाऊणपट करतो. ट्रिटियममध्ये मात्र तो कमी पडतो. एकच सरसकट गुणक दोन्हीकडे चालणारच नाही. ही तीन टक्क्यांची तूट द्विकण प्रवाह भरून काढतो. एका कणाने सोडलेला पायॉन दुसऱ्याला क्षणभर १२३२ एमईव्हीच्या डेल्टा या उत्तेजित अवस्थेत उचलतो आणि त्या अवस्थेतल्या कणाशी क्षीण आंतरक्रिया घडते, हा त्यातला मोठा भाग आहे.

आता तुमच्या अज्ञात स्थिरांकाबद्दल. तो आहे, हे मी नाकारत नाही. दोन कण अगदी जवळ आल्यावर काय घडते याचा तपशील त्या एका आकड्यात बांधलेला असतो. पण तो ट्रिटियमवरून एकदा ठरला की पुन्हा हलवता येत नाही. शिवाय केंद्रकीय बल पायॉनांपासून पद्धतशीर बांधणाऱ्या कायरल सिद्धांतात हाच आकडा तीन कणांमधल्या बलातही येतो, म्हणजे ट्रिटियमचा ऱ्हास आणि त्याची बंधन ऊर्जा या दोन वरकरणी असंबद्ध गोष्टी एकाच दोरीने बांधल्या जातात. त्यांना जोडणाऱ्या सूत्रातला एक गुणक आधी चुकीचा लिहिला गेला आणि नंतर शुद्धिपत्र काढावे लागले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण जुळवाजुळवीच्या गुणकात चूक असल्याचे कधी कोणाला सापडत नाही, सूत्रातली चूक सापडते.

पुढची परीक्षा हेलियम-३ ची. त्याने म्युऑन (इलेक्ट्रॉनाचा जड भाऊ) गिळला की तो पुन्हा ट्रिटियम होतो, आणि या घटनेचा मोजलेला दर सेकंदाला १४९६ आहे, अनिश्चितता फक्त ४. ट्रिटियमच्या ऱ्हासावरून स्थिरांक ठरवून, दुसरे काहीही न जुळवता काढलेला दर या आकड्याशी साधारण एक टक्क्याच्या आत जुळतो. तुमच्या चाचणीतला गुणक एका यंत्रावर ठरवून दुसऱ्या यंत्राचा आकडा असा आधीच सांगू शकत असेल, तर त्याला मीही ज्ञानच म्हणेन.

आणि सूर्य. दोन प्रोटॉन एकत्र येऊन ड्यूटेरॉन, पॉझिट्रॉन आणि न्यूट्रिनो होतात, ही सूर्याच्या ऊर्जेची पहिली पायरी बेथे आणि क्रिचफील्ड यांनी १९३८ मध्ये मांडली. सूर्याच्या गाभ्यातल्या प्रोटॉनाला या घटनेसाठी सरासरी अब्जावधी वर्षे वाट पाहावी लागते. त्यामुळे ती प्रयोगशाळेत मोजणे शक्य नाही. तिचा दर आज सुमारे एक टक्क्याच्या अनिश्चिततेने सांगता येतो तो गणिताच्या जोरावर, आणि त्या गणितातला द्विकण भाग ट्रिटियमच्या ऱ्हासावरून बांधलेला असतो.

प्रतिसाद – मांडवीतीर

खडूधारी यांनी तीन टक्क्यांचे उदाहरण दिले, ते योग्यच आहे; पण त्यामुळे वाचकांचा असा समज होईल की मेसॉनांचे हे काम नेहमीच चिमूटभर असते. पणजीत शिकत असताना माझाही तोच समज होता. तो एका उदाहरणाने मोडला, ते इथे सविस्तर लिहितो.

अक्षीय प्रवाहाचे अवकाश घटक असतात तसा एक काल घटकही असतो. गॅमो-टेलर संक्रमणे अवकाश घटकांमुळे होतात. काल घटकाचा एका कणापुरता भाग त्या कणाच्या वेगाच्या आणि प्रकाशवेगाच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो, आणि केंद्रकात हे गुणोत्तर लहान असते. पायॉनाच्या देवाणघेवाणीतून येणाऱ्या भागावर असा लगाम नाही. परिणामी मूळ भाग बारीक आणि मेसॉनांचा भाग भरघोस, अशी उलटी स्थिती होते. कुबोदेरा, देलॉर्म आणि ऱ्हो यांनी १९७८ मध्ये हे नेमके ओळखले आणि कुठे शोधायचे तेही सांगितले: दोन्ही केंद्रकांचे परिवलन शून्य, पण समता (आरशातल्या प्रतिमेत अवस्थेचे चिन्ह बदलते की नाही, हा गुण) उलट, अशा संक्रमणांत. तिथे बाकीचे बहुतेक मार्ग नियमानेच बंद होतात आणि काल घटक उघडा पडतो.

नायट्रोजन-१६ मध्ये अशी एक अवस्था मूळ अवस्थेच्या अवघी १२० केईव्ही वर बसली आहे. अडचण अशी की ती गॅमा किरण सोडून काही मायक्रोसेकंदांतच खाली येते. मूळ अवस्थेचे अर्धायुष्य ७ सेकंदांचे आहे आणि तिचाही बीटा ऱ्हासच होतो. आपल्याला हवा असलेला, वरच्या अवस्थेतून थेट ऑक्सिजन-१६ कडे जाणारा बीटा ऱ्हास दहा लाखांत तीन-चार वेळाच घडतो. म्हणजे पायाशी तेच कण ओतणारा धबधबा चालू असताना वरून पडणारे तीन-चार थेंब वेगळे मोजायचे. प्रयोगकर्त्यांनी ते मोजले. याच वाटेचा उलटा प्रवास, म्हणजे ऑक्सिजन-१६ ने म्युऑन गिळून ती अवस्था तयार होणे, तोही मोजला. दोन्ही दर मिळून पाहिले तर काल घटक एका कणाच्या हिशेबापेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी वाढलेला दिसतो.

त्यानंतर १९९१ मध्ये वॉरबर्टन यांनी शिशाच्या आसपासच्या, २०५ ते २१२ वस्तुमानांकाच्या केंद्रकांतले असे ऱ्हास तपासले आणि वाढ जवळजवळ दुप्पट निघाली. जड केंद्रकात ती इतकी का वाढते यावर वाद झाले. काहींनी जड मेसॉनांच्या देवाणघेवाणीकडे बोट दाखवले, तर काहींनी दाट केंद्रकीय द्रव्यात मेसॉनांचे गुणधर्मच बदलतात असे म्हटले. माझा कल पहिल्या बाजूला आहे, परंतु हा कल आहे, निकाल नव्हे. मुद्दा एवढाच की त्याच केंद्रकात, त्याच अक्षीय प्रवाहाचा एक घटक पाऊणपट होतो आणि दुसरा दुप्पट. ‘केंद्रकात स्थिरांक घटतो’ हे वाक्य इथे टिकत नाही, आणि विद्यार्थिनीला हेच उत्तर पुरेसे ठरावे.

प्रतिसाद – जुनी_वही

मी विज्ञानाच्या इतिहासाची वाचक आहे, गणितात मला गती नाही. तरी एक तपशील इथे नोंदवावासा वाटतो. विश्वकिरणांत १९३० च्या दशकात सापडलेल्या मधल्या वस्तुमानाच्या कणाला ‘मेसोट्रॉन’ म्हणत असत. होमी भाभा तेव्हा केंब्रिजमध्ये होते आणि ‘नेचर’मधल्या १९३९ सालच्या टिपणात त्यांनी म्हटले की मूळ ग्रीक शब्दात ‘ट्र’ नाहीच, म्हणून ‘मेसॉन’ म्हणणे योग्य. पुढे भाभांनी मुंबईत संस्था उभारल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. पण हा शब्द त्यांनी असा व्याकरणाच्या अंगाने सुचवला, हे मला अधिक लोभस वाटते.

गंमत पुढे आहे. ज्या कणासाठी ते नाव सुचवले तो युकावांचा मेसॉन नव्हताच. रोममधल्या कोन्वेर्सी, पान्चिनी आणि पिच्चोनी यांनी १९४७ मध्ये दाखवून दिले की हा ऋण कण कार्बनमध्ये थांबला तर केंद्रक त्याला गिळण्याऐवजी तो बहुतेक वेळा आपल्या मरणाने मरतो. केंद्रकीय बलाचा वाहक असता तर केंद्रकाने त्याला क्षणात ओढून घेतले असते. त्याच वर्षी पॉवेल, लाट्टेस आणि ओक्यालिनी यांना छायाचित्रणाच्या जाड लेपांमध्ये खरा पायॉन दिसला, आणि आधीचा कण ‘म्युऑन’ ठरला. आता खडूधारी आणि मांडवीतीर दोघेही म्युऑन गिळला जाण्याचे दर सांगून मेसॉनांचे काम तपासत आहेत. म्हणजे तोतया म्हणून दरबारातून हाकललेला कणच खऱ्या वारसाची साक्ष देतो आहे, असे मी समजले तर चालेल का?

प्रतिसाद – खडूधारी

चालेल, आणि ही उपमा मी वर्गात वापरणार आहे.

प्रतिसाद – पळसपान

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या टिपणांत ‘मेसॉन विनिमय आणि क्षीण आंतरक्रिया’ या शीर्षकाखाली वेगळेच लिहिले आहे: केंद्रकात समतेचा भंग होतो, त्यासाठी एक मेसॉन असा असतो की त्याचे एक टोक प्रबळ बलाचे आणि दुसरे क्षीण बलाचे असते. इथे चाललेली चर्चा हीच आहे का?

प्रतिसाद – मांडवीतीर

नाही, पण गल्लत होणे स्वाभाविक आहे. या धाग्यात मेसॉन प्रबळ बलानेच जोडलेला आहे आणि बाहेरून आलेली क्षीण आंतरक्रिया त्याला वाटेत गाठते. इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो किंवा म्युऑन यांचा त्यात सहभाग असतो. आपल्या टिपणांतल्या विषयात बाहेरचे कोणीच नसते. दोन न्यूक्लिऑनांमध्येच (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) अतिशय अशक्त असे क्षीण बल काम करते आणि त्याचा वाहक म्हणून पायॉन, ऱ्हो आणि ओमेगा मेसॉन धरले जातात. देप्लांक, डॉनह्यू आणि होल्स्टाइन यांनी १९८० मध्ये त्याची मांडणी केली. ओक रिज येथे थंड न्यूट्रॉन प्रोटॉनांवर सोडून बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांची दिशा तपासली गेली आणि २०१८ मध्ये त्यांतली विषमता दहा कोटींत सुमारे तीन एवढी प्रसिद्ध झाली, अनिश्चितता जवळजवळ तिच्या निम्मी. अभिक्रिया तीच, जिचे ३३४ मिलिबार्न या धाग्यात वर आले. प्रश्न मात्र निराळा. त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा.

प्रतिसाद – अवनिजा

मी अमेरिकेत न्यूट्रिनोंच्या एका प्रयोगावर काम करते. आमच्या क्षेत्रात हा विषय शोभेचा नाही, कारण त्याने आमची मोजमापेच बिघडतात.

फर्मिलॅब या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत मिनीबून नावाचा प्रयोग होता. सुमारे १२ मीटर व्यासाच्या गोल टाकीत साधारण ८०० टन खनिज तेल, आणि भिंतींवर प्रकाश टिपणाऱ्या नळ्या. न्यूट्रिनोने तेलातल्या कार्बनच्या केंद्रकातला एक न्यूट्रॉन गाठला तर तो प्रोटॉन होतो आणि म्युऑन बाहेर पडतो. या घटनांचे प्रमाण एका ‘अक्षीय वस्तुमान’ नावाच्या प्राचलाने मांडतात. ड्यूटेरियमवरच्या जुन्या प्रयोगांतून ते सुमारे १.०३ जीईव्ही येत होते. मिनीबूनने २०१० मध्ये कार्बनसाठी १.३५ जाहीर केले. पुन्हा तोच पेच: केंद्रकात गेल्यावर स्थिरांक बदलला की काय?

मार्तिनी, एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्येच उत्तर सुचवले होते. क्षीण आंतरक्रिया कधी कधी एका न्यूट्रॉनावर न थांबता मेसॉनाने बांधलेल्या जोडीवर आदळते आणि दोन्ही कण बाहेर फेकले जातात. टाकीला ते दोन कण वेगळे दिसत नाहीत. तिला म्युऑन दिसतो, पायॉन दिसत नाही, आणि ती घटना एकाच कणाच्या खात्यावर जमा होते. ही जोडीची खाती वेगळी काढली की अक्षीय वस्तुमान पुन्हा १ च्या आसपास येते. यांतला मेसॉन प्रवाहाचा वाटा आणि जोडीच्या आपसांतल्या सहसंबंधाचा वाटा स्वच्छ वेगळा करता येत नाही, कारण दोन्ही एकाच अंतिम अवस्थेत पोहोचतात आणि परस्परांत मिसळतात. म्हणून सगळे श्रेय मेसॉनांना देऊ नये, अशी माझी खडूधारी यांना सूचना आहे.

आता बिघाड कसा होतो ते सांगते. न्यूट्रिनो स्वतः दिसत नाही, त्याची ऊर्जा म्युऑनाच्या ऊर्जेवरून आणि कोनावरून काढतात, आणि त्या सूत्रात ‘समोर एकच, स्थिर न्यूट्रॉन होता’ असे गृहीत असते. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी संगणकीय अनुकरणातून आलेल्या घटनांना हे सूत्र लावले आणि खऱ्या ऊर्जेशी तुलना केली. आलेखात मुख्य शिखर जागेवर होते, पण डावीकडे एक लांब शेपूट लोंबत होते. दोन दिवस मी माझ्याच संगणकीय आज्ञावलीतली चूक शोधत बसले. एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी बघून शांतपणे सांगितले की ते शेपूट जोडीच्या घटनांचे आहे: ऊर्जा दोघांत वाटली गेली, सूत्राने एकच मोजला, म्हणून न्यूट्रिनोची ऊर्जा खरीपेक्षा कमी दिसली. न्यूट्रिनोंचे दोलन, म्हणजे वाटेत एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणे, ऊर्जेवर अवलंबून असते. आलेखातली दरी खरोखर किती खोल आणि तिच्यात या शेपटाने किती भर टाकली, हे ठरवता आले नाही तर दोलनाचे आकडेच सरकतात. मिनर्व्हा या न्यूट्रिनो प्रयोगात तर प्रचलित प्रारूपातला हा भाग मोजमापांशी जुळण्यासाठी वाढवावा लागला; म्हणजे मुळशीकरांचा गुणक आमच्याकडे अजून जिवंत आहे, आणि त्यांची शंका इथे मला मान्य आहे. पुढचा मोठा प्रयोग द्रवरूप आर्गॉनवर होणार आहे, आणि आर्गॉनच्या ४० कणांत जोड्या कार्बनपेक्षा कितीतरी अधिक आहेत.

प्रतिसाद – मुळशीकर

अवनिजा, कबुलीबद्दल आभार. खडूधारी, ट्रिटियमचा हिशेब पटला. पण मूळ प्रश्न तसाच आहे: तीन कणांत आकडा कमी पडत होता, तर शंभर कणांत जास्त का येतो?

प्रतिसाद – खडूधारी

या उत्तरात दोन धागे आहेत. कवच प्रारूपात आपण मोजक्याच कक्षा घेतो. प्रत्यक्षात बलामुळे कणांचे सहसंबंध दूरच्या, उच्च ऊर्जेच्या अवस्थांपर्यंत पसरलेले असतात आणि संक्रमणाचे सामर्थ्य तिकडे वाटले जाते. प्रोटॉन-न्यूट्रॉन अदलाबदलीच्या अभिक्रियांतून १९८० च्या दशकात अपेक्षित सामर्थ्याचा साधारण ६० टक्के भागच सापडत होता, आणि उरलेला डेल्टा अवस्थेने पळवला असे पुष्कळांना वाटत होते. पुढे १९९७ मध्ये झिर्कोनियम-९० वर ५० एमईव्हीपर्यंत शोध घेतल्यावर सुमारे ९० टक्के सामर्थ्य हाती लागले. ते हरवलेले नव्हते, माळ्यावर ठेवलेले होते. दुसरा धागा द्विकण प्रवाहाचा: कणांची दाटी वाढते तसा हा प्रवाह गॅमो-टेलर संक्रमणांना खाली ओढतो. हलक्या केंद्रकांत या दोन परिणामांचे पारडे कधी इकडे, कधी तिकडे झुकते; जड केंद्रकांत दोन्ही एकाच दिशेने ओढतात.

गिसबर्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दोन्ही एकत्र धरून, कोणताही पाऊण न लावता, हलक्या केंद्रकांपासून टिन-१०० पर्यंतचे ऱ्हास काढले आणि ते प्रयोगांच्या जवळ आले. टिन-१०० मध्ये ५० प्रोटॉन आणि ५० न्यूट्रॉन, दोन्ही कवचे भरलेली. अगदी भाबड्या चित्राप्रमाणे तिथले सामर्थ्य सुमारे १७.८ असायला हवे. जर्मनीत २०१२ मध्ये ते ९.१ मोजले गेले, जपानमध्ये २०१९ मध्ये ४.४, आणि गणित ५.२ ते ७.० म्हणते. दोन प्रयोग एकमेकांशीच पुरते जुळत नसताना गणिताला पैकीच्या पैकी गुण देण्याची घाई मी करणार नाही.

न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा ऱ्हास (दोन न्यूट्रॉन एकदम प्रोटॉन होतात, पण न्यूट्रिनो बाहेर पडत नाही) शोधणाऱ्यांना, आणि त्यात टिन-१२४ वर तयारी करणारा आपल्याकडचा गटही आहे, या वादाची झळ थेट बसते. तिथे दर युग्मनांकाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. ०.७५ चा चौथा घात सुमारे ०.३२, म्हणजे पाऊण लावला तर अपेक्षित अर्धायुष्य तिप्पट. पण त्या ऱ्हासात न्यूट्रिनो आतल्या आतच जातो आणि शंभर-दोनशे एमईव्हीइतका संवेग वाहून नेतो. इतक्या संवेगाला द्विकण प्रवाहाची ओढ कमी होते. साध्या बीटा ऱ्हासातला पाऊण उचलून तिथे चिकटवणे मला चुकीचे वाटते, जरी अनेक जण तसे करतात.

पळसपान, आपण विद्यार्थी आहात तर एक गृहपाठ. मी ट्रिटियमचा प्रायोगिक आकडा ०.९५ नुसता सांगितला. तो आपण काढून पाहा. ट्रिटियमचे तुलनात्मक अर्धायुष्य (ऱ्हासाच्या ऊर्जेचा परिणाम काढून टाकलेले) ११३० सेकंद, शून्य ते शून्य परिवलनाच्या अतिअनुमत ऱ्हासांचे ३०७२ सेकंद, आणि युग्मनांक १.२७५४.

प्रतिसाद – पळसपान

काढला. अतिअनुमत ऱ्हासांत फर्मी भागाचा (परिवलन न बदलणाऱ्या, सदिश भागाचा) वर्ग २ असतो, म्हणून ३०७२ ची दुप्पट ६१४४ घेतली. त्याला ११३० ने भागून ५.४३७. त्यातून ट्रिटियमचा फर्मी भाग, म्हणजे १, वजा करून ४.४३७. युग्मनांकाचा वर्ग १.६२७, त्याने भागून २.७२७, वर्गमूळ १.६५१, आणि ३ च्या वर्गमुळाने भागल्यावर ०.९५३. मात्र वाचनालयातल्या एका शोधनिबंधात ०.९५१ छापले आहे. तीनदा तपासले, माझी चूक सापडत नाही.

प्रतिसाद – खडूधारी

चूक आपली नाही, मी एक आकडा द्यायचा राहिलो. अक्षीय भागाला मिळणारा अवस्था-अवकाशाचा गुणक (बाहेर पडणाऱ्या कणांना ऊर्जा वाटून घेण्याच्या किती वाटा आहेत, त्याचा) सदिश भागापेक्षा थोडा मोठा असतो, १.००५३ पट. त्याचे वर्गमूळ १.००२६. आपल्या ०.९५३ ला त्याने भागा.